शेवटची दोन मिनिटं

स्टुडिओत त्याला सगळे कानसेन म्हणायचे, आणि ते त्याला फार आवडायचं. गाण्यात कुठे सूर घसरला, निवेदकाने कुठे श्वास चोरला, टेबलावर कुणाची अंगठी वाजली, सगळं त्याला कळे. कळलं की तो नाक जरासं वर करी. कानाचा गर्व असा त्याच्या नाकावर दिसायचा.

स्टुडिओ म्हणजे तरी काय, तिसऱ्या मजल्यावरची एक खोली. भिंतींना फोम, दाराला जुनं ब्लँकेट, आणि एक पंखा, जो रेकॉर्डिंग सुरू झालं की बंद करावा लागे. त्या खोलीतून दर रविवारी सकाळी त्याचा कार्यक्रम इंटरनेटवर जाई. वेगवेगळ्या कामांत आयुष्य घालवलेल्या माणसांच्या गप्पा. ऐकणारे दोन-अडीचशे. त्यांतली एक त्याची आई. स्वयंपाकघराच्या फळीवर आपला जुना फोन टेकवून ती कामं करता करता ऐकायची, एकही रविवार चुकवायची नाही.

म्हणूनच मावशी त्याच्याकडे आली.

मावशी आईची थोरली बहीण. चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवून तिचा पाठीचा कणा वाकला होता, जीभ मात्र ताठ होती. दोघी बहिणींत अकरा वर्षं अबोला होता. आजी गेली तेव्हा ती मावशीकडे होती आणि आईला निरोप उशिरा मिळाला, एवढंच त्याला ठाऊक. पुढचं कुणी बोलत नसे, आणि तोही खोदून विचारण्याच्या भानगडीत पडला नव्हता.

"ती माझा फोन उचलत नाही," मावशी म्हणाली. "पण तुझं ते रेडिओचं ऐकते. माझ्या शिवणकामाच्या गप्पा घे हव्या तेवढ्या. शेवटी मात्र मला विचार, आईला काही सांगायचंय का. मी सांगीन."

"अगं, सगळे ऐकतील."

"ऐकू देत. चारचौघांत बोलले तर तिला खरं तरी वाटेल."

मावशी बोलताना स्थिर बसणारी नव्हती. हवेत मापं घ्यायची, इकडे वळायची, तिकडे वळायची. म्हणून त्याने तिच्यासमोर दोन माइक लावले, एक डावीकडे, एक उजवीकडे. ती बोलत असताना स्वतःचा माइक तो बंद ठेवी. वीस मिनिटं झकास गेली. एका गिऱ्हाइकाच्या वाढत्या पोटाची कथा सांगताना तिने त्यालाही इतकं हसवलं, की तेवढा भाग त्याला नंतर कापावा लागला. मग डावीकडची केबल खरखरायला लागली. त्याने तिला थांबवलं, आदल्या दिवशी स्वतः दुरुस्त केलेली दुसरी केबल जोडली आणि ठरलेला प्रश्न विचारला. मावशी दोन मिनिटं बोलली, जागची न हलता, थांबत थांबत. बोलून झाल्यावर तिने पदराने चष्मा पुसला आणि पाणी मागितलं.

त्या केबलच्या टोकाला दोन बारीक तारा होत्या, आणि कानसेनने त्या उलट्या जोडल्या होत्या. अशी तार उलटी झाली की माइक आवाज पालथा टिपतो. दोन कानांना हेडफोन लावून ऐकलं, तर भल्याभल्यांना फरक कळत नाही. पण डावा आणि उजवा एकत्र केला, की सुलटा आवाज आणि पालथा आवाज एकमेकांना पुसून टाकतात. आणि एकत्र तर तो दर आठवड्याला करायचाच. कॉम्प्युटरवर ऐकणाऱ्यांसाठी मोठी फाइल, फोनवर ऐकणाऱ्यांसाठी हलकी, दोन्ही बाजू एकीत घातलेली. साध्या फोनवर, मंद इंटरनेटवरही ती न अडखळता चालावी, म्हणून.

हे तपासायला एक बटण असतं. ते दाबलं की जे फोनवर जाणार तेच हेडफोनमध्ये ऐकू येतं. त्याला काम शिकवणारे म्हातारे रेकॉर्डिस्ट म्हणायचे, बाबा रे, ते बटण दाबल्याशिवाय काही बाहेर सोडू नकोस. पण मावशीचं बोलणं ऐकून त्याचे डोळे भरून आले होते, आणि ती दोन मिनिटं पुन्हा ऐकायला त्याचं मन धजेना. त्याने दोन्ही फाइली तयार केल्या आणि चढवून मोकळा झाला.

रविवारी दुपारी त्याने आईला फोन केला. "ऐकलंस?"

"ऐकलं," आई म्हणाली, आणि दुधाचा विषय काढला.

त्याला वाटलं, जखम जुनी आहे, वेळ लागणार. मावशी रोज फोन करायची. "काय म्हणाली रे?" तो म्हणायचा, "ऐकलंय तिने. जरा दम धर." तीन आठवड्यांनी मावशीने विचारणं सोडलं. "राहू दे, तिला छळू नकोस," म्हणाली. त्याच सुमारास एका श्रोत्याचं पत्र आलं, शेवटची दोन मिनिटं काही ऐकू येत नाही. कानसेनने त्याला नेहमीचं ठरलेलं उत्तर धाडलं, आपलं इंटरनेट तपासावं.

दोन महिन्यांनी मावशी झोपेतच गेली. आई आली, दाराशी उभी राहिली, बहिणीच्या चेहऱ्याकडे एकदा बघितलं आणि कुणाशी न बोलता परत गेली. त्या दिवशी त्याला आईचा राग आला. मेलेल्या माणसाशी कसला अबोला, असं तो बायकोला म्हणालासुद्धा.

पुढे महिनाभराने तो केस कापायला बसला होता. सलूनवाला त्याचा कार्यक्रम ऐकायचा, आणि कात्री चालवताना मतं द्यायचा.

"ती शिवणकामवाली बाई काय बोलली हो! हसून हसून मेलो. पण शेवटी तुम्ही आईचं विचारलंत आणि बाई गप्पच बसल्या. दोन मिनिटं! ती शांतता तुम्ही ठेवलीत, ते मात्र भारी वाटलं."

"गप्प? बोलल्या की त्या."

"कुठे? हे ऐका." त्याने फोन काढून आरशासमोर ठेवला. मावशी छान बोलत होती. मग कानसेनचा स्वतःचा आवाज आला, मावशी, आईला काही सांगायचंय का? आणि त्यापुढे काही नाही. बारीकशी स-स. मग पुन्हा तोच, गहिवरून, "धन्यवाद, मावशी."

अर्धे केस कापलेले, तसाच तो उठला.

स्टुडिओत त्याने एक बाजू उलटी केली. एका क्लिकचं काम, दोन सेकंद लागले. मावशी लख्ख बोलायला लागली.

आई टेबलाशी मटार सोलत बसली होती. त्याच्या डोक्याकडे बघून ती हसणार होती, पण चेहरा पाहून थांबली. त्याने तारांचं, बटणाचं, सगळं सांगितलं. तिला त्यातलं किती समजलं कुणास ठाऊक. मग त्याने फोन मध्ये ठेवला.

"धाकटे," मावशी म्हणाली, "आई शेवटचे दोन दिवस तुझंच नाव घेत होती. डॉक्टर म्हणाले, बोलावून घ्या. मी नाही बोलावलं. फोन लागत नव्हता म्हणाले, ते खोटं. इतकी वर्षं मी तिचं केलं आणि हाका तुला, ते मला सहन झालं नाही. वाटलं, तू नसलीस तर एकदा तरी मला हाक मारील. नाही मारली गं. माझं चुकलं. तू फोन कर. काही बोलू नकोस वाटलं तर, नुसता कर."

आईच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"हे मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "नर्सने त्याच दिवशी सांगितलं होतं."

"मग अकरा वर्षं..."

"तिच्या तोंडून ऐकायचं होतं मला. तू विचारलंस, तेव्हा हातातलं काम टाकून मी फोन कानाला लावला. आणि ती गप्प! म्हटलं, पोराने समोर बसून विचारलं तरी हिच्या तोंडून शब्द फुटत नाही. त्या दिवशी मी तिचं नाव टाकलं." तिने शेंग खाली ठेवली. "ती विचारायची का रे, माझं?"

"रोज."

"तू काय सांगायचास?"

"तू ऐकलंयस म्हणून."

आईने त्याच्याकडे पाहिलं. तिचा आवाज चढला नाही, चढला असता तर बरं झालं असतं. "एवढे तुझे कान. मी 'ऐकलं' म्हटलं, तर एकदा विचारायचंस की, काय ऐकलंस म्हणून."

"आई, माझं चुकलं," तो म्हणाला.

"मी तिला माफ केलं असतं रे. त्याच दिवशी, फोनवरच," आई म्हणाली. "आता ते कुणाला सांगू?"