एकोणचाळीस वर्षांचं बूच

लूकस साळवेच्या ट्रम्पेटमधून सूर यायचे थांबले आणि एकोणचाळीस वर्षांपूर्वीची सभा ऐकू येऊ लागली. फुंकर मारली की आधी खुर्च्या सरकत, मग पंखा कुरकुरे, मग अध्यक्षांचा आवाज: पालिकेच्या बँडमधलं चांदीचं कॉर्नेट साळवेने विकून खाल्लं, सबब त्याला कामावरून काढण्यात येत आहे. कोणाला काही बोलायचं आहे? त्यापुढे नुसता पंखा. पुन्हा फुंकलं की पुन्हा खुर्च्यांपासून.

गुरुवारी नातीचं लग्न होतं. ती चर्चमधून बाहेर पडताना आपण वाजवायचं, असं लूकसने ती पाळण्यात असतानाच ठरवलं होतं. आता पाहुण्यांना काय ऐकवणार?

तो ट्रम्पेट काखोटीला मारून अच्युतराव पेंढरकरांकडे आला. अच्युतराव पालिकेच्या वाचनालयाचे निवृत्त ग्रंथपाल. त्या सभेत ते इतिवृत्त लिहायला बसले होते, आणि सभेतला जिवंत माणूस म्हणून आता तेवढेच उरले होते. अध्यक्षांचा भाचा कॉर्नेट सतरंजीत गुंडाळून नेताना त्यांनी वाचनालयाच्या खिडकीतून पाहिलं होतं. हे लूकसला माहीत होतं. त्याला माहीत आहे, हे अच्युतरावांनाही माहीत होतं.

"त्या प्रश्नाशी अडतंय," लूकस म्हणाला. "कुणी उत्तर दिलं तर सभा पुढं सरकेल. नाहीतर म्यूट बघू. आवाज दाबायला ट्रम्पेटच्या पसरट तोंडात घालायचं बूच असतं ते. तुम्हीच निवडून द्या. गप्प बसण्यातलं तुमच्याइतकं गावात कुणाला कळत नाही."

अच्युतरावांनी चपला घातल्या. उत्तर देण्यापेक्षा ते सोपं होतं.

ते दोघं गेले त्या दुकानात फक्त म्यूट होते, आणि प्रत्येक म्यूट कुणीतरी गप्प बसल्याचा होता. पहिला एका सुनेचा, बावीस वर्षांचा. लूकसने तो घालून फुंकलं. अध्यक्ष गोधडीखालून बोलल्यासारखे बोलले.

"चावतंय का कुठं?" दुकानदाराने विचारलं.

"चोर म्हटलेलं ऐकू येतंय."

दुकान एका कपाटाने आखूड झालं. असं होतंच, जागा लागते, असं दुकानदार म्हणाला आणि त्याने एका साक्षीदाराचा म्यूट दिला. त्यातून फक्त प्रश्न आला, अगदी स्पष्ट. मागची भिंत अच्युतरावांच्या पाठीला टेकली. गल्ल्यावर हिरवं कापड अंथरलेलं होतं, त्यावर पाण्याचा जग.

मग दुकानदार स्टुलावर चढला. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक बूच त्याने खाली आणलं. अच्युतरावांच्या हाताला ते वजन ओळखीचं वाटलं. कडेला दातांचे बारीक व्रण होते.

"जुना माल. एकाच माणसाचा," दुकानदार म्हणाला. "एकोणचाळीस वर्षांत कुठं चीर नाही."

लूकसने बुचाकडे पाहिलं, मग अच्युतरावांकडे. आता सांगता येईल, असं त्यांना वाटलं. पण सतरंजी होती की चादर? भाचाच होता ना? आपला चष्मा तेव्हा नवा होता. आधी कुठेतरी पडताळून पाहायला हवं.

"हा बरा वाटतो," ते म्हणाले.

लूकसने मान हलवली. त्याने म्यूट बसवला आणि फुंकलं. गाल फुगले, मानेच्या शिरा ताठ झाल्या. काहीच आवाज आला नाही. खुर्च्या नाहीत, पंखा नाही.

पंखा अच्युतरावांच्या डोक्यावर सुरू झाला. दोन्ही भिंती खांद्यांना लागल्या होत्या. हिरव्या कापडाभोवती सगळे सदस्य बसले होते, आणि पलीकडे, दारात, लूकसची नात पांढऱ्या साडीत उभी होती. अध्यक्षांना अच्युतरावांनी स्वतः खांदा दिला होता. तेच अध्यक्ष घसा खाकरून म्हणाले, "कोणाला काही बोलायचं आहे?"

लूकसने फुगलेले गाल तसेच धरून ठेवले होते.

अच्युतराव उठून उभे राहिले. सतरंजीच होती. भाचाच होता. सगळं वाक्य पहिल्यापासून शेवटपर्यंत तयार होतं. त्यांनी तोंड उघडलं, आणि त्यांची जीभ बुचाला लागली.