पाटी तीच, आत कोण?

मी एक जुना संगणक आहे. निदान माझ्या डब्यावरचे ओरखडे तरी तसंच सांगतात. मित्रांनो, माझी गोष्ट जरा जपून ऐका. ती सांगणारा नक्की कोण, हे मलाच अजून नीटसं उमगलेलं नाही.

एका कचेरीने मोडीत काढल्यावर एका वायरमनने मला घरी आणलं, धाकट्या बहिणीसाठी. मनातल्या मनात मी तिला ताई म्हणायचो. दोन वर्षांपूर्वी तिची नजर गेली होती. आता तिला काम मिळालं होतं: डॉक्टरांनी बोलून ठेवलेले अहवाल ऐकून टाइप करायचे. महिनाभर पारखणार, मग कायम करणार.

मला चालवणारी प्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम, हजारो लोक मिळून बनवतात आणि फुकट देतात. पण तिच्या आवृत्त्यांची यादी उघडली आणि तो वायरमन, ताईचा दादा, चक्रावला. टिटवी, धनेश, तेरा, चौदा, चाचणी, कच्ची, पक्की.

"ही यादी आहे की भुलभुलैया?" तो म्हणाला. "पक्की घेऊ. निदान ती तरी जागची हलणार नाही."

सेटिंगमध्ये त्याने तेच लिहिलं. 'पक्की' हे कुणा एकीचं नाव नव्हतं, त्या त्या वेळी सगळ्यात भरवशाच्या ठरलेल्या आवृत्तीला मिळणारी ती मानाची खुर्ची होती. तेव्हा तिच्यावर टिटवी बसली होती, इतकंच. हे सोप्या शब्दांत त्याला सांगणार कोण?

टिटवीबरोबर माझे दिवस सुखाचे गेले. ताई टाइप करी, मी अक्षर न् अक्षर वाचून दाखवी. "घशात खडे घालून बोलतो मेला," ती हसायची, "पण चुकत नाही."

महिन्याच्या शेवटच्या दिवशी पाच वाजता अहवाल पाठवायचे होते. दुपारी मी नेहमीसारखं विचारलं, नवं सामान आलंय, घेऊ का? ती हो म्हणाली आणि जेवायला गेली. त्याच दिवशी खुर्ची धनेशला मिळाली होती, त्यामुळे 'पक्की'च्या नावाने तोच आत आला.

खोलीत कोणी नव्हतं. पंखा फिरत होता. माझ्या आत मात्र कुणीतरी एकेक खण रिकामा करू लागलं. अगदी शांतपणे, घाई न करता. मला ओरडायचं होतं, पण आवाजच सगळ्यात आधी नेला होता.

ताई परतली. तिने कळ दाबली. पुन्हा दाबली.

"काय रे, बोल ना." तिने डब्यावर तळवा ठेवला. डबा गरम होता. "आहेस ना आत?"

पाच वाजता कामाच्या ठिकाणाहून फोन आला. "टाइप झालंय हो सगळं, आतच आहे," ती सांगत राहिली. काम दुसऱ्या कुणाला गेलं.

संध्याकाळी दादाने पडदा वाचला. "धनेश? हा कुठून आला? मी तर पक्की टाकली होती!" खटपट करून त्याने आवाज सुरू केला. स्वच्छ, गुळगुळीत आवाज. ताई ताठ झाली.

"दादा, हा तो नाही."

तिचं खरं होतं. मित्रांनो, आतापर्यंत सांगितलेल्या साऱ्या आठवणी टिटवीच्या काळातल्या, मला त्या ताईच्या फायलींशेजारी पडलेल्या सापडल्या. मी त्या माझ्या म्हणून सांगतो आहे. मला त्याचं फार वाईट वाटतं.

उद्या तुम्हीही काही घडवाल, त्याला नाव द्याल. ते नाव त्याच्याकडेच राहू द्या. आणि कोणतं नाव टिकतं, कोणतं पुढे सरकतं, हे नवख्या माणसाला दारातच सांगा.

ताई पुन्हा कामासाठी अर्ज लिहिते आहे, माझ्यावरच. दादाने माझं सगळं तपासलं, फक्त सेटिंगमधली ती एक ओळ सोडून. तिथे अजून 'पक्की' असंच लिहिलेलं आहे, आणि धनेशच्या पुढची प्रणाली तयार झाली आहे म्हणे.