मोठीमायचं वाचन

माझ्या नवऱ्याला प्रार्थना यायची. हे मी आधीच सांगते, कारण आज त्यांना ओळखणाऱ्या निम्म्या लोकांना ते खरं वाटणार नाही. साकोलीच्या बाजारात त्यांना मासोळीवाले लिलाधरशेठ म्हणतात. मी त्यांना रिताचे बाबा म्हणते. रिता आमची एकुलती एक मुलगी.

आम्ही सानगडीचे, तलावावर पोट भरणारे. रिताचे बाबा दहावी झालेले होते आणि त्या काळी आमच्या गल्लीत तेवढं शिकलेलं दुसरं कोणी नव्हतं. म्हणूनच गुणाबाईने त्यांना हाक मारली. गुणाबाई ही त्यांच्या मोठ्या काकांची बायको, आमची मोठीमाय. ऐन तरुणपणी विधवा झाली आणि तुमसरला एका ख्रिस्ती नर्सबाईच्या घरी कामाला राहिली. वीस वर्षं राहिली. तिथेच तिने प्रभूवर विश्वास ठेवला. नर्सबाई वारल्यावर ती गावी परतली, तेव्हा एका पिशवीत दोन लुगडी आणि नर्सबाईंचं शास्त्र, म्हणजे बायबल, एवढंच घेऊन आली. पण तिला अक्षर येत नव्हतं. तिकडे नर्सबाई वाचून दाखवायच्या, इकडे कोण?

"लिल्या, एक पान वाचून देत जा बाप्पा," ती म्हणाली. "चहा पाजीन तुले."

चहासाठीच गेले ते. संध्याकाळी जाळं वाळत घातलं की तिच्या दारात बसायचे, भराभर एक पान वाचायचे आणि कप पालथा घालून उठायचे. पण मोठीमाय नुसती ऐकणारी नव्हती. मध्येच हात वर करायची. "थांब. असं काहून म्हणला तो?" रिताचे बाबा तीच ओळ पुन्हा वाचायचे. मग दोघंही त्यावर विचार करत बसायचे. घरी आले की जेवताना मला विचारायचे, "तुले का वाटते वं, ज्यानं आपलं वाईट केलं त्याच्यावर माया करता येते का?" मी म्हणायची, भाजी वाढू का.

तीन वर्षं असं चाललं. तू पण विश्वास ठेव, असं मोठीमाय त्यांना एकदाही म्हणाली नाही. वाचता वाचता तेच बदलले. एका सकाळी ते केवळरामच्या घरी गेले. केवळराम त्यांच्यासोबत तलावात जाळं टाकायचा. दोन वर्षांपूर्वी त्याच्या जाळ्यातली मरळ रिताच्या बाबांनी काढून घेतली होती, ते सांगायला गेले. केवळराम हसला. "दोन वर्सांची मासोळी आता कायले सांगून राहिला?" पण यांच्या डोळ्यांना पाणी होतं. ते पाहून त्याचंही हसू थांबलं. घरी येऊन ते म्हणाले, "मले हलकं वाटून राहिलं." त्यांचा तो चेहरा मी आधी कधी पाहिला नव्हता. त्या दिवसापासून मीही मोठीमायच्या दारात बसायला लागले.

पुढच्या उन्हाळ्यात आम्हा दोघांचा बाप्तिस्मा झाला, आमच्याच तलावात. गल्लीतल्या काही बायका काही महिने चहाला आल्या नाहीत, मग येऊ लागल्या.

दर रविवारी सकाळी आमच्या छपरीत सात-आठ जण जमायचे. मोठीमाय, पायाने अधू असलेला सोमाजी, कुंताबाई आणि तिच्या सुना. चर्चचे पाळक महिन्यातून एकदा यायचे, बाकीचे रविवार रिताच्या बाबांचे. त्यांच्या प्रार्थनेत मोठे शब्द नसायचे. शेजारच्या माणसाशी बोलावं तसं बोलायचे. सोमाजीचा पाय, कुंताबाईच्या सुनेचं बाळंतपण, शेतातल्या बोडीतलं, छोट्या तळ्यातलं, आटलेलं पाणी, सगळं नावानिशी. कोणाचं काही विसरायचे नाहीत. ते बोलायला लागले की कोणीतरी आपलं ऐकतं आहे याची खात्री वाटायची. एकदा कुंताबाई मला म्हणाली, "तुह्या नवऱ्यानं माहं नाव घेतलं न, का मले चार दिवस झोप चांगली लागते."

रिता बारावी झाली. तिला नर्सिंगला जायचं होतं, नागपूरला. जाळ्यावर ते भागणार नव्हतं. तेव्हा पहिल्यांदा मी त्यांना काळजीने जागं राहताना पाहिलं. त्यांनी तलावातले झिंगे आणि मासोळ्या गोळा करून नागपूरला न्यायला सुरुवात केली, आधी दुसऱ्याच्या गाडीत, मग हप्त्यावर घेतलेल्या स्वतःच्या गाडीत. आणि नागपुरात मासोळी विकते ती रविवारी.

"रिताचं शिक्षण होईपर्यंत," ते मोठीमायला म्हणाले. "मंग बंद. तोवर आपण सांजच्याले बसू."

सकाळची प्रार्थना संध्याकाळी गेली. संध्याकाळी ते थकून यायचे आणि बसल्या बसल्या डुलकी घ्यायचे. मग ती शनिवारवर गेली. मग ते मोकळे असतील तेव्हा. रिताचं शिक्षण झालं, तिला नोकरीही लागली. बंद मात्र काही झालं नाही. उलट एका गाडीच्या तीन झाल्या, आणि जी काळजी गरिबीत नव्हती ती घरात येऊन बसली. ड्रायव्हर पळाला, बर्फ वितळला, महामार्गालगत प्लॉट निघाला, तो दुसऱ्याने घेतला तर? जेवताना आता ते मला काही विचारत नव्हते. ताटाशेजारी फोन असायचा.

सगळा दोष त्यांच्यावर टाकून मी मोकळी होणार नाही. मलाही हवं होतं ते. साकोलीला आम्ही दुमजली घर बांधायला काढलं, तेव्हा मी दुकानादुकानांतून टाइल्स बघत फिरले. पहिल्यांदा कानात सोन्याची भरीव फुलं घातली, तेव्हा कुंताबाईच्या घरावरून मुद्दाम सावकाश चालत गेले. मला वाचता येत होतं. सातवीपर्यंत शिकले होते मी. मोठीमायच्या दारात जाऊन एक पान मी वाचू शकले असते. पण बांधकामाच्या त्या दोन वर्षांत मी किती वेळा गेले, ते सांगायची लाज वाटते.

एका दिवाळीत ते तिच्यासाठी नवा फोन घेऊन गेले. मी सोबत होते. त्यात सगळं शास्त्र कोणीतरी वाचून भरलेलं होतं. कुठे दाबायचं ते त्यांनी तिला दाखवलं. आवाज सुरू झाला, स्वच्छ, शुद्ध, शहरातला.

"आता तुले माही वाट पाहाची गरज नाही, मोठीमाय. वाट्टेल तेव्हा आयक."

तिने बराच वेळ ऐकलं. मग सवयीने हात वर केला. आवाज चालूच राहिला.

"चांगलं वाचते बाप्पा," ती म्हणाली. "पण थांबत नाही. मले नाही समजलं तं इचारू कोणाले?"

"मी येतोच न मधात मधात."

"येजो," ती म्हणाली आणि चहा ठेवायला उठली. पण त्यांचा फोन वाजला आणि आम्ही चहा न घेता निघालो.

गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता मोठीमाय आजारी पडली. अंगात ताप होता आणि छातीत पाणी झालेलं. रिताच्या बाबांनी गाडी पाठवून तिला भंडाऱ्याला खासगी दवाखान्यात ठेवलं. स्वतंत्र खोली, रात्रंदिवस एक बाई. पैशाला कमी पडू दिलं नाही, हे कोणीही सांगेल. पण ते स्वतः पहिल्या दिवशी दहा मिनिटं आले, तेवढंच.

मी डबा घेऊन एक दिवसाआड जायची. दर वेळी ती एकच मागायची. "लिल्याले म्हणजो, एकडाव येऊन वाचून दे. प्रार्थना करून दे."

मी घरी येऊन सांगायची. ते म्हणायचे, उद्या जातो. दुसऱ्या दिवशी प्लॉटची रजिस्ट्री निघाली. त्याच्या दुसऱ्या दिवशी वरठीजवळ गाडी बंद पडली, आत माल होता. आणखी एक उद्या, आणखी एक.

शेवटी मीच म्हटलं, "मोठीमाय, मी वाचू का?"

"वाच," ती म्हणाली. मी वाचलं. तिने डोळे मिटून ऐकलं, मधे हात वर केला नाही. मी पुस्तक मिटल्यावर तिने माझं मनगट धरलं. तिच्या हाताला काही वजनच नव्हतं.

"ज्योत्स्ना, त्या श्रीमंत पोराची गोष्ट लिल्यानं वाचली होती मले. प्रभूपाशी आला, सारं धन वाटून दे म्हणलं तं तोंड पाडून वापस गेला तो. मी इचारलं होतं लिल्याले, तो पुढं कधी परत आला का? तं लिल्या म्हणे, लिहिलं नाही." थोडा श्वास घेऊन ती म्हणाली, "मले वाटे, आला असन. लिहाचं राहून गेलं असन."

मी म्हटलं, "ते तुमच्यासाठी येतीलच, मोठीमाय. कामात आहेत."

"माह्यासाठी कायले?" ती म्हणाली. "माहं झालं सारं. मी त्याच्यासाठी बोलावून राहिले. माह्यापाशी बसला तं त्याले आठवन."

हे मी त्यांना सांगितलं. शब्द न शब्द सांगितला. ते आरशासमोर उभे होते, व्यापाऱ्यांच्या कुठल्याशा सत्काराला निघाले होते. त्यांचा हात केसांवरच थांबला. "उद्या पक्कं," ते म्हणाले. "सारं सोडून जातो."

मोठीमाय दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला गेली. ते तेव्हा गाडीत होते, भंडाऱ्याच्या वाटेवरच. या वेळी खरंच निघाले होते, हे मला माहीत आहे. त्याचा कोणाला काही उपयोग झाला नाही.

तलावाच्या पाळीखाली, बांधाच्या पायथ्याशी, आमचा जुना शेताचा तुकडा आहे, तिथे तिला ठेवायचं ठरलं. त्यांनी भंडाऱ्याहून पितळी कड्यांची पेटी आणली. पाळक लांबच्या गावी होते, त्यांना पोचायला दुसरा दिवस उजाडला असता. तेव्हा सोमाजी काठी टेकत पुढे आला आणि म्हणाला, "लिलाधर, तूच कर प्रार्थना. तिले तुहाच आवाज पाहिजे होता."

सगळे त्यांच्याकडे पाहू लागले. केवळरामही आला होता. ते खड्ड्याच्या काठाशी उभे राहिले, हात जोडले, डोळे मिटले. आम्ही वाट पाहिली.

"इथे उपस्थित असलेल्या सर्वांचे," ते म्हणाले, "मी आमच्या परिवारातर्फे..."

आणि थांबले. त्यांचं त्यांनाच ऐकू आलं. गेली काही वर्षं सत्कारांत, उद्घाटनांत ते असेच बोलत होते. त्यांनी घसा साफ केला. पुन्हा सुरुवात केली, "प्रभू..." पुढे काही नाही. ओठ हलत होते. मी त्यांच्या शेजारीच उभी होते. मनातल्या मनात मी म्हणत होते, तिचं नाव घ्या, नुसतं तिचं नाव घ्या, पुढचं आपोआप येईल. नाही आलं. त्यांनी डोळे उघडले तेव्हा ते अंधाऱ्या खोलीत वस्तू चाचपणाऱ्या माणसासारखे दिसत होते.

मग सोमाजीनेच प्रार्थना केली. त्याला बोलता येत नाही धड, अडखळतो. पण त्याने मोठीमायचं नाव घेतलं, तिच्या चहाचं घेतलं, आणि शेवटी म्हणाला, "प्रभू, लिलाधरकडे पाह्य." कुंताबाई हुंदका देऊन रडली. रिताचे बाबा रडले नाहीत. माती टाकून झाल्यावर ते तलावाकडे तोंड करून कितीतरी वेळ उभे होते.

घरी आल्यावर नव्या हॉलमध्ये सोफ्यावर बसले. सोफ्याचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं. म्हणाले, "आधी मले शब्द शोधा लागत नव्हते वं. आज आतमंधी गेलो तं तिथं कोणीच नव्हतं." मग रडले. मी त्यांचं डोकं धरून बसले. त्या दिवशी आम्ही ठरवलं, रविवारी गाडी नाही. काहीही होवो.

तीन रविवार ते घरी राहिले. आम्ही समोरासमोर बसून वाचलं. मला वाटलं, आता पालवी फुटेल. चौथ्या रविवारी लग्नाची मोठी ऑर्डर आली आणि ड्रायव्हर आजारी. "आजच्याच दिवस," ते म्हणाले. मी नाही म्हणायला हवं होतं. पण त्याच दिवशी जिन्याचं रेलिंग बसवणारे येणार होते आणि माझंही मन तिकडेच होतं. मी म्हटलं, "जा, पण लवकर या."

आता रविवारची प्रार्थना सोमाजीच्या घरी असते, सानगडीला. मी जाते. नागपूरच्या गाड्या भरून पाठवल्या की ते मला मोटारीने आणून सोडतात. गल्ली अरुंद आहे, म्हणून कोपऱ्यावर उतरवतात. उतरताना दर वेळी म्हणतात, "माहं नाव घेजो." मी घेते. तिथे बसलेले सगळेच घेतात.

मागच्या रविवारी मी दार उघडून तशीच बसून राहिले. म्हटलं, "पाचच मिनिटं चला. कोणी काही विचारणार नाही."

त्यांनी चावी फिरवून गाडी बंद केली. मला वाटलं, आले. आतून गाण्याचा आवाज येत होता, कुंताबाईच्या सुनांचा. ते स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून ऐकत राहिले.

"रिताची माय, मले भेव लागते," ते म्हणाले.

"कशाचं?"

"आत जाऊन बसलो, न पुन्हा काहीच आलं नाही तं?"

मी त्यांच्या हातावर हात ठेवला. थोड्या वेळाने त्यांनी तो हळूच काढला, घड्याळ पाहिलं आणि गाडी सुरू केली. मी उतरले. सोमाजी दारातच उभा होता. त्याने माझ्या मागे रस्त्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि काही न विचारता मला आत जायला वाट करून दिली.