उजवा कान

पिंगळा जांभळाच्या बुंध्याशी पालथा पडला होता. पंख अर्धे उघडे, नखं मातीत रुतलेली. मंगलनं त्याला सुपात उचलून घेतलं, परड्याच्या टोकापर्यंत आणलं आणि नवऱ्याच्या पुढ्यात ठेवलं. भरमू मांडवावरून दोडक्याचा वेल सोडवत होता. त्यानं सुपात पाहिलं आणि मग मंगलच्या तोंडाकडे पाहिलंच नाही.

"औषधाचा उंदीर खाल्ला असंल," ती त्याच्या उजव्या कानाशी येऊन म्हणाली. "माजंच चुकलं. त्या दिवशी मोठ्यानं सांगायला पायजे हुतं तुमास्नी."

भरमू पुन्हा वेलाकडे वळला.

वडगावात यंत्रमागावर पस्तीस वर्षं काढल्यावर त्याचा डावा कान पूर्ण गेला होता. उजव्यात थोडं शिल्लक होतं. जवळ येऊन बोललं तर कळायचं. चार वर्षांपूर्वी मालकानं माग भंगारात घातले, तेव्हा दोघं उचगावला मंगलच्या माहेरच्या रिकाम्या घरात राहायला आली. घरामागे तीन गुंठ्यांचं परडं होतं. हातांना काहीतरी हवं म्हणून भरमूनं तिथं भाजी लावली, आणि गणपती गेल्यावर उघडीप होऊन जे दिवस येतात, त्यांचा त्याला नादच लागला. तेव्हा मका भरायचा, काकड्या पिवळ्या पडायच्या, वालाच्या शेंगा लोंबायच्या. पिसारा झडलेला मोर भुंड्या शेपटीनं कुंपणाशी यायचा. धोबी पक्षी शेपूट हलवत वाफ्यांतून फिरायचे. संध्याकाळी मंगल मागच्या पायरीवर शेंगा सोलायला बसायची आणि त्याला ऐकू न येणारं सगळं सांगायची. त्याला उमजावं म्हणून मागावरचेच दाखले द्यायची. झाडावर तांबट बोलायलाय, लांब कुणाचा तरी एकटाच माग चालल्यागत. पिंगळ्यांची जोडी भांडायलीय, मागात धोटा अडकून किरकिरल्यागत.

यंदा त्यानं पहिल्यांदाच रताळी लावली होती. भाद्रपद अर्ध्यावर आला तेव्हा एक वेल उपटून पाहिला, तर खाली नुसत्या साली. उंदरांनी आतला गर खाऊन टाकला होता. दुसरा वेल तसाच, तिसराही तसाच. भरमू त्या दिवशी जेवला नाही. दुसऱ्या सकाळी दुकानातून औषधाची पुडी आणून तो पिठाच्या गोळ्या वळत बसला, तेव्हा मंगल त्याच्या उजव्या बाजूला येऊन म्हणाली होती, औषध नको, पिंगळे तेच उंदीर धरून खातात, थोडी रताळी गेली तर जाऊ देत. एवढ्यात शेजारच्या अक्काताईनं हाक मारली, म्हणून ती गेली. परत आली तोवर गोळ्या बिळांत पडल्या होत्या. सांगितलं होतं की, असं ती म्हणाली. भरमूनं कानाला हात लावून मान हलवली. ऐकूच आलं नाही. तिनं ते खरं मानलं.

पिंगळा तिनंच पुरला. त्यानंतर ती संध्याकाळी पायरीवर बसेनाशी झाली. जोडीतला उरलेला पिंगळा दिवस कलला की जांभळाच्या ढोलीशी येऊन बसायचा. त्याचा गळा फुगायचा, चोच उघडायची, मिटायची. भरमूला एवढंच दिसायचं. तो कसा ओरडतोय, हे मंगलला विचारायचं धाडस त्याला झालं नाही. एकदा अक्काताई दोडके न्यायला आली, तेव्हा मंगल तिच्याशी बोलता बोलता स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेत होती. शब्द ऐकू आले नाहीत, पण ती कुणाला दोष देतेय ते भरमूला कळलं.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी दोघांनी उरलेली रताळी खणली. कशीबशी टोपलीभर निघाली. मंगल बांधावर बसून एकेक पुसत होती. अक्काताईला उपासाला पाच-सहा द्यावीत, असं काहीसं ती म्हणाली. भरमूनं कुदळ खाली ठेवली.

"मंगल, मला ऐकू आलतं."

तिला समजलं नाही.

"औषधाचं. तू नगो म्हणालीस ते. सगळं ऐकू आलतं."

मंगल हातातलं रताळं पुसत राहिली. माती निघून गेली तरी पुसत राहिली. मग तिनं विचारलं, "आनि आईच्या येळंला?"

बावीस वर्षांपूर्वी ती अशीच मागाच्या खोलीत आली होती. आईचं काही खरं नाही, आजच उचगावला जाऊया, म्हणाली होती. दिवाळीच्या साड्या मागावर होत्या. भरमूनं धोट्यावरची नजर काढली नव्हती. जाणं राहिलं आणि चौथ्या दिवशी तिची आई गेली. मागांच्या आवाजात ऐकू आलं नाही, असं तेव्हाही तो म्हणाला होता. तेव्हा त्याचा उजवा कान धड होता.

भरमूनं मान खाली घातली.

मंगल टोपली कडेवर घेऊन उठली. तो टोपलीला हात लावायला पुढं झाला, तशी तिनं ती दुसऱ्या कडेवर घेतली आणि आत गेली.

ती भांडली नाही. अक्काताईलाही काही सांगितलं नाही. भाकरी वेळेवर होत होती, अंघोळीचं पाणी तापत होतं. फक्त त्याच्या उजव्या कानाशी ती पुन्हा आली नाही. काही सांगायचं झालं, भाकरी झाली किंवा गॅस संपला एवढंच असलं, तरी ती परड्याच्या टोकापर्यंत चालत यायची, अगदी त्याच्या समोर उभी राहायची, मोठ्यानं सांगायची, आणि तो "व्हय" म्हणेपर्यंत तिथून हलायची नाही.