आशाबाईची मंगलाष्टकं

दोन हजार तीन साली, परतूरच्या बद्रीनाथ मास्तरांच्या घरी लेकीचं लग्न चार दिवसांवर आलं आणि कॉम्प्युटरचा आवाज गेला. घरात एकाचा आवाज आधीच गेलेला होता. मास्तरांच्या बायकोचं, आशाबाईचं, स्वरयंत्र मागच्या उन्हाळ्यात ऑपरेशन करून काढलं होतं. जन्मभर मिसरी घासली, तिनं शेवटी गळा खाल्ला. पंचक्रोशीत आशाबाईच्या मंगलाष्टकांशिवाय लग्न लागत नसे. म्हणून ऑपरेशनच्या आदल्या दिवशी लेकीनं, बेबीनंदानं, आईला माईकसमोर बसवून सगळी मंगलाष्टकं कॉम्प्युटरमध्ये भरून घेतली. "माझ्या लग्नात तूच म्हणायची," असं तिनं बजावलं होतं. मांडववाल्यासाठी त्याची कॅसेट तेवढी काढायची राहिली. आज काढू, उद्या काढू, यात वर्ष गेलं. आपल्याकडे दुसरं काय होतं?

घात केला वऱ्हाडाच्या यादीनं. ती छापायला मास्तरांनी शाळेचा प्रिंटर आणून जोडला, त्याची सीडी घातली. यादी फक्कड निघाली, पण आवाज बंद पडला. मास्तरांनी स्पीकर आपटले, वायरी उपसून पुन्हा खोचल्या. सेटिंगमध्ये साउंड कार्डच्या नावापुढं पिवळं उद्गारचिन्ह उभं होतं. ते डोळ्यांत खुपलं म्हणून मास्तरांनी ते नावच पुसून टाकलं. मग मशीन ड्रायव्हर मागायला लागलं, म्हणजे कार्ड कसं चालवायचं हे शिकवणारी सीडी. ती कपाटात सापडली खरी, पण दसऱ्याला कॉम्प्युटरबरोबर आशाबाईनं तिचीही पूजा केलेली, आणि तीही चकचकीत बाजूनं. ओलं हळदकुंकू वाळून घट्ट बसलं होतं. मास्तरांनी राखेनं घासून काढलं, तशी सीडी पारच कामातून गेली. दारात उभी असलेली आशाबाई कपाळावर हात मारून आत निघून गेली.

बेबीनंदा केळवणाला धावड्याला मामाकडं गेलेली. मास्तरांनी नाइलाजानं एसटीडीवरून जालन्याला फोन लावला. नवरदेवाचा थोरला भाऊ सर्जेराव तिथं कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. मुलीच्या बापानं वरपक्षाला काम सांगायचं म्हणजे जिवावर येतं. पण सर्जेराव मनानं चांगला, दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं हजर झाला.

दोन तास त्यानं खटपट केली. सोबत आणलेले तीन-चार ड्रायव्हर घालून पाहिले, कार्ड उपसून दुसऱ्या खाचेत बसवलं. उद्गारचिन्ह काही हलेना.

"मामा, ह्याच्यात लई गडबड झालीय. सगळं साफ करून नव्यानं टाकून देतो. चालन ना?"

साफ म्हणजे काय, हे विचारावं का? मंगलाष्टकांचं सांगावं का? पण सुपारी फुटल्यापासून मास्तरांनी या लोकांपुढं एकदाही 'पण' म्हटलं नव्हतं. तारीख, मानपान, वऱ्हाडाच्या गाड्या, सगळ्याला मान डोलावली होती. आता लग्न तोंडावर असताना पाहुण्याच्या कामात खोट कुठं काढायची? आणि एवढा शिकलेला माणूस, त्याला कळत असेलच की.

"तुमी म्हणसाल तसं, पाव्हणं. बराबर हाय," मास्तर म्हणाले आणि चहाचं सांगायला उठले.

दुपारी मशीन सुरू झालं आणि स्पीकरमधून सुरुवातीची धून खणखणीत वाजली.

"घ्या मामा, आला आवाज!"

मास्तर वाकून हळूच म्हणाले, "आन् त्याच्यात आमच्या हिची मंगलाष्टकं भरेल व्हती, ती कुठं दिसतेत?"

सर्जेरावाचा चेहरा उतरला. "मामा, सगळं साफ करून राह्यलो म्हून इचारलं व्हतं ना तुमाला. एका शब्दानं सांगायचं तरी. आता न्हाई भेटत ते. बिलकुल न्हाई."

आपलंच थोबाड फोडून घ्यावं असं मास्तरांना वाटलं. त्यांना आयुष्यात कधी स्वतःची इतकी किळस आली नव्हती. तरी तोंडातून निघालं ते, "असू द्या, असू द्या. जेवल्याबिगर जायचं न्हाई." लग्नासाठी आणलेल्या गठ्ठ्यातून त्यांनी टॉवेल-टोपी काढली आणि टोपी सर्जेरावाच्या डोक्यावर ठेवली.

धून ऐकून आशाबाई पिठाच्या हातांनीच बाहेर आली. वर्षभरात ती इतकी हसली नव्हती. तिनं स्टूल ओढून स्पीकरपाशी नेलं, गळ्यावरून पदर घेतला आणि ताठ बसली. बराच वेळ काहीच ऐकू येईना, तेव्हा तिनं मास्तरांकडं वळून खूण केली, आवाज मोठा कर.