पाणलोटाची रेघ

"सायेब, हे रेघ खोटी हाये. मी सही नाही करत."

भिवाजीनं मापवही ओव्हरसियर जगदेवरावांच्या हातात परत दिली. वीस वर्षं तो मोजणीत उंचीची पट्टी धरत आला होता, आणि मापवहीत पट्टी धरणाऱ्याचीही सही लागे. साहेबाला 'नाही' म्हणण्याची ही पहिलीच वेळ.

त्र्याहत्तर साल. जगभरातल्या नद्यांची खोरी आखून मोठा नकाशा निघणार होता, आणि त्यातला मालेगावचा माळ या दोघांच्या वाट्याला आला होता. कुठलं पाणी उत्तरेला काटेपूर्णेतून तापीला जातं आणि कुठलं दक्षिणेला पैनगंगेतून गोदावरीला, ते पाहून मधोमध रेघ ओढायची. जगदेवरावांनी ती सडकेवरूनच ओढली. चालायला सोपं! पण सडक मुरूम टाकून उंच केलेली. खरा चढ उत्तरेला अर्धा मैल पुढे. फेट्यासकट माणसाची उंची मोजावी, तसला हा कारभार.

"सडकेखालची मोरी पाहा की! काडीकचरा उत्तरेच्या तोंडाले अडकला. म्हंजे पाणी तिकून येऊन पैनगंगेले जाऊन राह्यलं."

जगदेवराव वाकले, मोरीत पाहिलं आणि गुडघे झटकत उठले. त्यांना कळलं होतं. पण रेघ शाईनं ओढून झाली होती.

"अरे, जगाच्या नकाशात हा माळ तिळाएवढा नाही दिसनार. कायले अडून बसला? पुढच्या महिन्यात तुह्या कायमपणाचा कागद निघून राह्यला. भागिरथाले काय सांगशील घरी?"

घाव नेमका वर्मी बसला. बायको भागिरथा दोन वर्षं त्या कागदाची वाट पाहत होती. पण भिवाजीचा संताप त्याहून मोठा होता.

"माह्या बापाले गावच्या इहिरीवर पाय ठेऊ देल्ला नाही. पाणी कोनाचं, थे आजवर दुसऱ्यायनंच ठरोलं. आमी बुद्धाच्या वाटेनं गेलो, थे मान खाली घालाले नाही. पाण्याचं खोटं माह्या सहीनं नाही होनार."

"मंग उद्यापासून येऊ नको."

हजेरीपटावरून नाव कटलं. तरी दुसऱ्या सकाळी भिवाजी आला, तंबूबाहेरची पट्टी उचलली आणि थेट खऱ्या चढावर जाऊन उभा राहिला. जगदेवरावांनी लांबून शिव्या घातल्या. पालथ्या घड्यावर पाणी!

ऊन चढलं, हात भरून आले. मोजणीच्या दुर्बिणीत माणूस उलटा दिसतो, डोकं खाली, पाय वर, हे त्याला ठाऊक होतं. दिसेना का!

दुपार कलायच्या आत जगदेवरावांनी दुर्बीण त्याच्याकडे फिरवली आणि डोळा लावला. मग त्यांचा हात हलला: पट्टी तिरपी आहे, डावीकडे घे.

भिवाजीनं ती हलवली नाही. पट्टी सरळच होती.

हात खाली आला. जगदेवराव मापवही काढून खऱ्या चढाचा आकडा लिहू लागले. हजेरीपट मात्र त्यांनी उघडला नाही.