राखणदाराचा वाटा

मित्रांनो, मी एक जुना राखणदार कुत्रा आहे. जुना म्हणजे नऊ वर्षांचा, पण अजून मला एका जागी बसवत नाही. बसलो की नको ते आठवतं, म्हणून उठतो, कळपाभोवती फेरी मारतो आणि उगाच दोन-चार मेंढ्यांवर भुंकून परत येतो.

माझा जन्म लोकर ठेवायच्या खोलीत, एका गोणपाटावर झाला. मेंढपाळ आणि त्याची मोठी बहीण, म्हणजे आमची ताई, दोघांनी मला वाढवलं. चुकलेली मेंढी हुडकून आणणं मला लवकर जमलं. दोनदा मी लांडग्याला पिटाळलं, त्यात एक कान फाटला. तेव्हापासून मेंढपाळाने एक रीतच पाडली: कळपातली मेंढी दगावली, की तिचं डोकं माझं. हा राखतो, तेव्हा पहिला वाटा याचा, असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगायचा. मीही छाती फुगवून खायचो. मान कोणाला नको असतो?

यंदा ठिपकी बिघडली. ठिपकी म्हणजे वर्षाची मेंढी. आई गेल्यावर ताईने तिला बाटलीने दूध पाजून जगवलं होतं. ती ताईच्या मागेमागे थेट चुलीपर्यंत यायची. एका सकाळी मान वाकडी करून ती डावीकडे गोल गोल फिरू लागली. मी तिला उजवीकडे वळवायला गेलो, भुंकलो, वाट अडवली. ती कुंपणाला धडकली आणि पुन्हा फिरू लागली. माझं काही चालेना. याच वर्षी आधी दोघी अशाच फिरून फिरून मेल्या होत्या.

मेंढपाळ म्हणाला, कानात पाणी गेलं असेल, होईल बरी. ताईचा जीव मात्र टांगणीला लागला होता. तिने जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं.

बाईंनी ठिपकीचं डोकं चाचपलं, तिच्या डोळ्यांपुढे बोट नाचवलं आणि विचारलं, "आधीच्या दोघींची डोकी कुठे गेली?"

मेंढपाळाने माझ्याकडे बघितलं. "याला दिली. नेहमीच देतो."

मग बाईंनी सगळं समजावलं. मेंढीच्या मेंदूत पाण्याने भरलेला फोड होतो आणि त्यात जंतांची पिल्लं असतात. ते डोकं कुत्र्याने खाल्लं, की जंत त्याच्या आतड्यात वाढतात. त्यांची अंडी त्याच्या विष्ठेतून गवतावर पडतात, गवतातून मेंढीच्या पोटात जातात आणि पिल्लं तिथून मेंदू गाठतात. कळपात आजार पेरणारा मीच होतो. मला तर काही दुखतखुपत नव्हतं.

फोड खोल होता आणि उशीरही झाला होता. पाचव्या दिवशी ठिपकीने ताईच्या मांडीवर जीव सोडला. मेंढपाळाने खोल खड्डा खणला. मी काठावर उभा होतो. खरं सांगतो, माझ्या तोंडाला पाणी सुटलं होतं. ताईने ते पाहिलं. ती मला मारेल असं वाटलं, पण तिने नुसतं बाजूला सारलं.

"जा रे बाबा. तुला काय कळतंय."

कळत होतं, मित्रांनो. तरी शेपूट हलत होतं.

म्हणून सांगतो, तुमच्याकडे माझ्यासारखा कोणी असेल, तर डॉक्टर सांगतील तेव्हा त्याला जंताची गोळी द्या आणि मेलेल्या मेंढीचं डोकं खोल पुरा. तो तुमच्या पायाशी घोटाळेल, केविलवाणा रडेल, तुमचे हात चाटेल. मीही अजून तेच करतो. तरी देऊ नका.